पणजोबांची दुनळी: दुरुस्त करावी, शोभेची करावी की जमा करून मोकळं व्हावं?

माजघर
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली कारण घरात माणसं चार आणि मतं पाच झालीत.

कुडाळजवळ आमचं जुनं घर आहे, तिथे पणजोबांच्या वेळची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) दुनळी बंदूक आहे. बाहेरून दोन घोडे (चाप ओढला की पडणाऱ्या हातोड्या) असलेली, काडतुसाची. बेळगावच्या कॅम्पातून विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून पणजोबांनी घेतली अशी घरातली कथा. पणजोबा, आजोबा, बाबा असा परवाना चालत आला. बाबा गेल्या वर्षी गेले. दिवसकार्य झाल्या झाल्या दादाने बंदूक जिल्ह्याच्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे नेऊन जमा केली, पावती घेतली, त्यामुळे तेवढं तरी नीट आहे.

आता दादा गावातच असतो, बाग त्याच्याकडे, डुकरांनी आणि केलड्यांनी (माकडांनी) वैताग आणलाय. त्याला ती दुरुस्त करून चालू करायची आहे. एका घोड्याची स्प्रिंग गेलीय, दस्त्याला तडा आहे, नळ्यांवर गंजाचे डाग आहेत. ताई पुण्याला, तिने कुठेतरी फोटो बघितलाय, तिला नळ्या अर्ध्या कापून त्याचा उभा लॅम्प करायचाय, म्हणते नाहीतरी माळ्यावर सडणार, निदान रोज डोळ्यासमोर राहील. आई म्हणते सरकारात देऊन टाका, घरात नकोच ती पीडा. आणि मी ठाण्यात बसून तिघांचे फोन घेतोय.

जमा करायच्या आधी काढलेले फोटो दिलेत. नळ्यांवर लाटालाटांची नक्षी आहे ती गंजाने झालीय की मुळातली ते बघून सांगा. खालच्या सपाट भागावर मुकुटाचे दोन शिक्के आणि 'नॉट फॉर बॉल' असं कोरलंय.

उडाणटप्पू
लॅम्पचं बटण कुठे देणार, चापावर का? 😀 ताईंना दंडवत.

बावीवरचो
माजघरा, आमची पण तशीच होती रे. आता फोटो बघून सांगतंय, ह्या बंदुकीन डुकर मरूचो नाय, मारणारोच मरतलो. दादाक सांग आदी नळये कोणाक तरी दाखव.

कोर्टकचेरी
धागाकर्ते, दुरुस्ती की लॅम्प हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आज ती बंदूक कायद्याने तुम्हा कुणाचीच 'बाळगायची' नाहीये. परवाना बाबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. दुकानदाराकडे जमा केलीत ते कलम २१ प्रमाणे बरोबर केलंत, पण जमा म्हणजे कायमची ठेव नव्हे. ठरलेल्या मुदतीत कुणी परवाना काढून ती सोडवली नाही किंवा विकली नाही तर ती सरकारजमा होते, म्हणजे आईंचं म्हणणं तुम्ही काही न करताच खरं होईल.

वारसाने परवाना मिळतो. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये नियम २५ आहे, परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. खरं तर जिवंतपणीही करता येतं, परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा पंचवीस वर्षं बंदूक त्याच्याकडे असली की तो वारसाच्या नावावर करू शकतो. हे लोकांना माहीतच नसतं आणि मग मयतीनंतर धावपळ होते, म्हणून मुद्दाम लिहितोय, वाचणाऱ्यांपैकी कुणाचे वडील आहेत त्यांनी आताच बघा.

आणि हो, बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. बाकी वारस म्हणजे आई, तुम्ही आणि ताई. बहुतेक घरांत भावाभावांच्या सह्या होतात आणि बहिणीची आठवण तहसीलला गेल्यावर येते.

माजघर
ताईची सही!! हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता ती लॅम्पवर अडून बसणार.

कोर्टकचेरी
मग ताईंना हे वाचायला द्या. नळी कापणं हा शस्त्र कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ६: परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप. कायद्याचा रोख नळी कापून अंगरख्यात लपवणाऱ्यांवर आहे हे उघड आहे, ताईंवर नाही, पण कलमात 'दिवाणखान्यासाठी कापल्यास चालेल' असं लिहिलेलं नाही. आणि फॅब्रिकेशनवाला ज्याच्याकडे ती नेणार तोही अडकणार.

उडाणटप्पू
बापरे. बटणाचा जोक मागे घेतो.

गार्डनस्टेट
इकडे अमेरिकेत फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात, राज्याराज्यांचे नियम वेगळे पण लोक सर्रास भिंतीवर लावतात. भारतात असं काही नाही का? शंभर वर्षांच्या वर जुनी वस्तू म्हणजे पुरातन नाही का?

कोर्टकचेरी
दोन कायदे आहेत, त्यांची गल्लत होते. शंभर वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, त्याचा उपयोग एवढाच की ती उचलून अमेरिकेला नेता येणार नाही. शस्त्र कायद्याची सूट वेगळी, ती कलम ४५ मध्ये. तिथे वर्ष नाही, अवस्था आहे. जुनाट बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, पण कधी, तर जे *दुरुस्त करूनही* बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं. 'दुरुस्त करूनही' हे दोन शब्द पुन्हा वाचा. गंजलीय, स्प्रिंग गेलीय, घोडा पडत नाही, याने सूट मिळत नाही. दादा म्हणतायत दुरुस्त होईल, म्हणजे दादांनीच सूट घालवली. बारा बोअरची काडतुसं आजही दुकानात मिळतात, तेव्हा ती 'जुनाट' आहे हे सांगणंही अवघड. मी तरी अशिलाला या सूटीवर विसंबून घरात ठेव असं कधी सांगणार नाही. विनापरवाना सापडली तर दोन ते पाच वर्षं आहेत.

बरमिंगकर
धागा बघून राहवलं नाही, मी बर्मिंगहॅमला असतो आणि तुमची बंदूक माझ्या गावची आहे 🙂

ते मुकुटवाले शिक्के इथल्या प्रूफ हाऊसचे. १८१३ पासून आहे, अजून चालू आहे. बंदूक विकायच्या आधी नळीत नेहमीपेक्षा जास्त बार भरून उडवून बघायची आणि टिकली तर शिक्का, असा कायदाच आहे. आता महत्त्वाचं, 'नॉट फॉर बॉल' हा शिक्का १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात मारायचे. नळी तोंडाशी किंचित आवळलेली असेल, चोक म्हणतात तसा, तर त्यात अख्खी गोळी घालू नका, फक्त छर्रे, असा त्याचा अर्थ. म्हणजे तुमची बंदूक त्या बारा वर्षांतली. घरातल्या कथेत साहेबाने वापरून जुनी झालेली विकली असणार हे त्यात बसतं.

आणि त्याचा दुसरा अर्थ दादांनी ऐकावा. तेव्हा काळी दारू होती. धूर न करणारी नायट्रो दारू सर्रास वापरात आली ती नंतर, आणि तिच्यासाठी नळी तपासली की वेगळा नायट्रोचा शिक्का मारतात. तुमच्या फोटोत तो कुठेच दिसत नाही.

लाटांची नक्षी गंज नाही!! ती डमास्कस नळी. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या वेणीसारख्या पिळून, तापवून, सळईभोवती गुंडाळत ठोकून जोडायचे. पॉलिशवाल्याच्या हातात चुकूनही देऊ नका, बफिंग मशीनवर पाच मिनिटांत नक्षी जाईल.

अवांतर: इथल्या कायद्यातही ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) जुनी बंदूक शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येते पण बारा बोअरच्या काडतुसाची नाही, कारण काडतूस अजून मिळतं. म्हणजे वकीलसाहेब म्हणतात तोच न्याय.

निवृत्त_आर्मरर
ईएमई मध्ये (लष्कराच्या दुरुस्ती विभागात) आयुष्य गेलं हत्यारं उघडण्यात, म्हणून लिहितो. बरमिंगकरांना पूर्ण अनुमोदन.

दादांना समजावून सांगा. डमास्कस नळीत जोडांची संख्या मोजता येणार नाही इतकी असते आणि प्रत्येक जोडात थोडा मळ राहिलेला. बाहेरून चकचकीत असली तरी आतून जोडाजोडाने गंज गेलेला असू शकतो, तो डोळ्याला दिसत नाही. काही डमास्कस नळ्या नायट्रोसाठी पास झालेल्या आहेत हे खरं, म्हणून सगळ्या बाद असं मी म्हणत नाही, पण तुमचीवर तो शिक्का नाही आणि वर कोकणातली इतक्या वर्षांची खारी हवा.

दुसरं, काडतुसाची लांबी. जुन्या इंग्लिश बंदुकांचं घर (काडतूस बसतं ती जागा) बहुतेक अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजचं काडतूस साधारण ७० चं. गंमत अशी की ७० चं काडतूस त्यात *बसतं*, बंदूक बंदही होते, कारण न उडालेलं काडतूस तोंडाशी दुमडलेलं असल्याने आखूड असतं. उडताना ती दुमड उघडते आणि पुढे जागाच नसते, मग दाब वाढतो. आणि तो दाब डाव्या हाताच्या बोटांच्या बरोबर वर असतो. खडकीच्या फॅक्टरीचं शक्तिमान काडतूस चांगलंच आहे, त्यात काही खोट नाही, पण ते या नळीसाठी बनवलेलं नाही.

स्प्रिंग बदलता येईल, दस्ता जोडता येईल, परवानाधारक कारागीर करून देईल. (परवाना नसलेल्या गावच्या मिस्त्रीकडे नको, दुरुस्तीलाही परवाना लागतो.) पण ते केल्याने ती 'चालू' दिसेल, आणि चालू दिसणारी बंदूक कधीतरी कुणीतरी चालवतो. म्हणून माझं मत, घोडा मोडका आहे तर मोडकाच असू द्या.

सत्तरीकार
आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरोघर ठासणी असायच्या. एक गोष्ट सांगतो, सगळ्यांनी लक्षात ठेवा. जुनी ठासणीची बंदूक माळ्यावर सापडली की ती भरलेली आहे असंच समजायचं. शेतावरून संध्याकाळी आले, जनावर दिसलं नाही, बार तसाच आत, खुंटीला टांगली, आणि माणूस गेला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनी पण पेटते. आमच्या वाड्यावर एका घरात नवरात्रात पुसायला काढलेली अशी निघाली होती, नशीब केप (ठिणगी देणारी टोपी) नव्हती वर.

आमचे जुने लोक गज (दारू ठासायची लांब सळई) नळीत अगदी तळापर्यंत सोडायचे, तोंडाशी बोटाने खूण धरायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. चार बोटं कमी भरला की आत काहीतरी आहे. तसं निघालं तर पुढे हात लावायचा नाही, खरवडायचं तर अजिबात नाही, पोलिसांना किंवा दुकानदाराला कळवायचं.

माजघर
हे भारी आहे, आमची काडतुसाची असल्याने मधून उघडून आत बघता येतं, दुकानदाराने बघूनच घेतली. पण शेजारच्या काकांकडे ठासणी आहे, त्यांना आजच फोन करतो.

बावीवरचो
माझं पण ऐका. आमच्याकडची शेती संरक्षणाची ठासणी, परवाना पक्का, सगळं पक्कं. पण निवडणूक आली की नेऊन ठाण्यात द्या. २०२४ ला तर लोकसभेला दिली, आणली, परत विधानसभेला दिली. डुकरांना काय आचारसंहिता असते काय? भात कापणीला आलेलं आणि बंदूक ठाण्यात. आणि परत आली ती अशी गंजलेली की वडील दोन दिवस तेल घेऊन बसलेले. दादाक शेतीसाठी बंदूक होयी तर ही सोडून दुसरी बघ म्हणा.

कोर्टकचेरी
अवांतर आहे पण उपयोगी: सरसकट सगळ्यांची जमा करा असं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर छाननी समिती प्रत्येक परवानाधारकाचा विचार करते, गुन्हा नसेल, गरज खरी असेल तर सूट मागता येते. नोटीस यायची वाट बघायची नाही, आधीच लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

दादांनी दुसरी घेतली तर एक हिशोब ठेवा. २०१९ पासून माणशी दोनच बंदुका, आधी तीन होत्या. वारसाने आलेलीही त्या दोनांतच मोजतात.

शमाताई
मी ताईंच्या बाजूने लिहिणार आहे कारण सगळे त्यांना हसतायत. तिला कापायची हौस नाहीये, तिला ती वस्तू दिसायला हवी आहे. आमच्या घरात पण खंडेनवमीला तलवार, बंदूक, नांगराचा फाळ सगळं पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दुसऱ्या दिवशी परत कपाटात. आणि ती पूजा करायला मुलींना बोलवत नाहीत. मग मुलगी म्हणाली की मला माझ्या घरात तिचं काहीतरी हवंय तर त्यात चूक काय? लॅम्प हा उपाय चुकला, मागणी नाही चुकली.

जुनाट
शमाताई +१००

मी संग्रहालयात संवर्धनाचं काम केलंय, माझे दोन पैसे. 'दुरुस्ती' आणि 'दुसरं काहीतरी करणं' या दोन्हीत वस्तू बदलते. तिसरा रस्ता कंटाळवाणा आहे, फोटो छान येत नाहीत, पण तो वस्तूला मानवतो: आहे तिथे गंज थांबवा आणि बाकी काही करू नका. लाल भुकटीसारखा गंज हा चालू गंज, तो हलक्या तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने जेमतेम दाब देऊन काढायचा. काळपट तपकिरी पापुद्रा आहे तो तिचा रंग आहे, तो राहू द्या. मग सगळं तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. दस्ता अक्रोडाचा असेल, त्यालाही मेणाचाच पातळ हात, वॉर्निश नको. तडा आहे तिथे फेव्हिक्विक ओतू नका, पुढच्या माणसाला ते काढता येत नाही.

हे सगळं बंदूक कायदेशीररीत्या हातात आल्यावर, किंवा दुकानदाराच्या इथेच.

संग्रहालयाला देण्याचा विचार असेल तर द्या, पण आधी स्पष्ट विचारा की मांडणार का. बारा बोअरच्या बर्मिंगहॅमच्या दुनळ्या संस्थानिकांकडून आलेल्या ढिगाने पडल्यात. तुमची गोदामात जाईल, तिथे पणजोबा, बेळगाव, कुडाळ हे कुणी लिहून ठेवलं नाही तर ती नुसती एक नंबरपट्टी. कुठेही ठेवा, तिची हकिगत एका कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवा. आणि ही चामड्याची पेटी फोटोत दिसतेय, तिच्यात बंदूक ठेवू नका, कोकणात चामडं ओल धरतं आणि तोच गंज वर आलाय असा माझा अंदाज. लाकडी कपाट, आडवी न ठेवता उभी, नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही.

दाणापाणी
पण मग ठेवायची कशाला? उडवायची नाही, कापायची नाही, भिंतीवर लावली तर चोराची भीती, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि आता तर सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, डॉक्टरचा दाखला, ऑनलाइन यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक). मला आईंचं पटतं. आम्ही आजोबांची देऊन टाकली, कुणाला आठवणही येत नाही.

निवृत्त_आर्मरर
दाणापाणी, देणं चुकीचं नाही. घरात लहान मुलं असतील, दारूचं व्यसन असलेलं कुणी असेल, भावांत जमिनीचा वाद असेल, तर मी स्वतः सांगेन की उद्याच द्या. माजघर, तुम्ही हे घरात मोकळेपणी बोला, लॅम्पपेक्षा हा प्रश्न मोठा. आई 'पीडा' का म्हणतात ते विचारलंत का?

माजघर
विचारलं. काल रात्री. आई म्हणाली बंदुकीची भीती नाही, काडतुसांची आहे. बाबा आजारपणात शेवटी शेवटी फार उदास असायचे, तेव्हा तिने काडतुसांची पेटी किल्ली लावून किल्ली मामाकडे दिली होती. आम्हा तिघांनाही हे माहीत नव्हतं. यावर इथे जास्त लिहीत नाही.

त्यानंतर सगळ्यांचा व्हिडिओ कॉल झाला, तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, 'मारणारोच मरतलो' वर दादा हसला पण गप्प पण झाला. ठरलं ते असं. अर्ज दादा करणार वारसाने, परवाना मिळाला तर बंदूक त्याच्याकडे, पण काडतूस एकही घ्यायचं नाही आणि घोडा दुरुस्त करायचा नाही. जुनाट म्हणाले तसं फक्त गंज थांबवायचा. बागेसाठी सौर कुंपणाचं बघतोय तो. आईची अट, कपाटाची किल्ली तिच्याकडे. ताई सही करते म्हणाली, तिला आम्ही ती चामड्याची पेटी देतोय, नाहीतरी बंदुकीला ती चालत नाही. आतलं लाल मखमल, पितळी कोपरे, झाकणावर पणजोबांची आद्याक्षरं, तिने लगेच लॅम्पचं नाव सोडलं, दिवाणखान्यात त्याचं काय करायचं ते ती ठरवेल. परवाना नाही मिळाला तर मग दुकानदारामार्फत विकायची किंवा सरकारजमा, त्यावर भांडायचं नाही.

शमाताई, यंदाच्या खंडेनवमीला ताई येतेय.

कोर्टकचेरी
उत्तम. पेटी पुण्याला जायच्या आधी तिचे सगळे कप्पे रिकामे करून बघा. अशा पेट्यांना मखमलीखाली चोरकप्पा असतो आणि एक काडतूस जरी निघालं तरी विनापरवाना दारूगोळा धरतात, मग ते कितीही जुनं असो.

माजघर
दादाने आत्ता बघितलं. गज ठेवायच्या कप्प्याखाली तीन निघाली, पितळी, हिरवी पडलेली. हात न लावता पेटी तशीच बंद केलीय. दुकानदाराला फोन केला, ते म्हणतात हलवू नका, मी ठाण्यात बोलतो, उद्या सकाळी येतो.